मृत्युपत्राचा व्यवस्थापक

आपल्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः नेमलेली व्यक्ती. कायद्याच्या मराठीत तिला निष्पादक म्हणतात, पण वकिलाच्या कचेरीत आणि घरच्या बोलण्यात शब्द चालतो तो एक्झिक्युटर. भारतात या पदाचे नियम मुख्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये आहेत.

बहुतेकदा एखादा भाऊ, जुना मित्र किंवा घरचा वकील नेमला जातो, तोही ‘तुमचं नुसतं नाव घालतोय’ एवढ्याच बोलीवर. नुसत्या नावाचे मात्र हे काम नव्हे. मृत्यूच्या क्षणापासून मृताची मालमत्ता कायद्याने व्यवस्थापकाकडे येते. देणेकऱ्यांवर दावा लावणे, गरज पडल्यास मालमत्ता विकणे हे अधिकार त्याला मिळतात, पण त्यातला रुपयाही तो स्वतःसाठी वापरू शकत नाही. मृत्युपत्रातला लाभार्थीही व्यवस्थापक होऊ शकतो. ज्याला हे नको असेल त्याने सुरुवातीलाच लेखी किंवा न्यायाधीशासमोर नकार द्यावा. कारभारात हात घातल्यावर अंग काढून घेणे कठीण जाते.

पैसे कोणाला आधी द्यायचे, याचा क्रम ठरलेला आहे. पहिला मान अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजारपणाचा. त्यात डॉक्टरांची फी आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्या-जेवण्याचा खर्चही येतो. मग न्यायालयीन खर्च. त्यानंतर मजूर, कारागीर आणि घरगडी यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी. म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईंचा राहिलेला पगार चिरंजीवांच्या वाट्याआधी चुकता व्हायला हवा. पुढे इतर कर्जे, आणि ती फिटल्यावरच वाटप. मृत्यूनंतर वर्षभर तरी वाटप करण्याचे बंधन व्यवस्थापकावर नसते. ही सवलत लाभार्थींना सहसा ठाऊक नसते, आणि ‘आमचं कधी देताय?’ हे तेराव्यालाच सुरू होते.

मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाने दिलेली ग्वाही म्हणजे प्रोबेट. ते फक्त नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते, आणि मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय मिळत नाही. मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात द्यावा लागतो. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई शहरांत केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना पूर्वी प्रोबेट सक्तीचे होते. पुण्यात केलेल्या, पुण्यातल्याच वाड्याच्या मृत्युपत्राला नव्हते. ही सक्ती करणारे कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळले. तरी भाऊबंदकी असलेल्या घरात प्रोबेट घेतलेले बरे.

खरी दमछाक कागदांत होते. बँकेचा लॉकर, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा फेरफार, मृताचे आयकर विवरणपत्र अशा प्रत्येक दारी वेगळी मागणी. त्यात नॉमिनी स्वतःला मालक समजतो. नॉमिनी हा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअरांबाबत डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केले, पण घरातल्या भांडणात तो निकाल कोण वाचतो! एखाद्या नातेवाइकाने प्रोबेटला हरकत घेतली तर साध्या अर्जाचा दावा होतो आणि साक्षीदार शोधत फिरावे लागते. निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर ते व्यवस्थापकाला स्वतःच्या खिशातून भरावे लागते.

या पदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्वीडनचे. आल्फ्रेड नोबेल 10 डिसेंबर 1896 रोजी वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रातील दोन व्यवस्थापकांपैकी राग्नार सोलमन अवघे 26 वर्षांचे होते. पॅरिसमधले रोखे त्यांनी पिस्तूल जवळ बाळगून घोडागाडीतून हलवले. नातेवाइकांनी मृत्युपत्राला विरोध केला. तडजोडी होऊन पहिली पारितोषिके द्यायला 1901 उजाडले.

कोणी न नेमताही काही जण कारभार हाती घेतात. दागिने ताब्यात घेणारा, भाडे वसूल करणारा असा पुतण्या कायद्याच्या दृष्टीने ‘स्वतःच्या चुकीने झालेला व्यवस्थापक’ ठरतो आणि घेतलेल्या मालमत्तेपुरता देणेकरी होतो. अंत्यविधी उरकणे, वस्तू जपून ठेवणे किंवा घरच्यांची तातडीची गरज भागवणे मात्र यात धरले जात नाही.