पूर येणं वेगळं, आपत्ती येणं वेगळं

पावसाळ्यात बडोद्यात पाणी चढलं की विश्वामित्रीवर खापर फोडलं जातं. पण नदीला पूर येणं हा निसर्गाचा धोका. त्या पुरात माणसं देशोधडीला लागणं ही आपत्ती. दोन्ही एकाच दमात बोलले जातात, म्हणून आपत्तीची जबाबदारी कुणावरच येत नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही, आपत्ती म्हणायची तर हानी बाधित भागातल्या लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असावी, असं म्हटलं आहे. म्हणजे पाऊस किती पडला एवढंच बघून भागत नाही, तो कुणावर पडला हेही बघावं लागतं.

किल्लारीचंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ६.२ रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला आणि हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड धाबं, आणि माणसं झोपेत. त्याआधी चार वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात ६.९चा, म्हणजे बराच मोठा भूकंप झाला होता. तिथे ६३ जण दगावले. किल्लारीत माणसं मारली ती घरांनी.

आता बडोदा. पावागढाकडून येणारी विश्वामित्री शहरातून नागमोडी, संथ वाहते. जास्तीचं पाणी सामावून घ्यायला तिच्या काठाची कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, होती. ती भराव टाकून बुजवली, वर बांधकामं उभी राहिली. मग ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस तर नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली.

पाणी बंगल्यांतही शिरलं, हे खरंच. पण तिथे वरचा मजला होता, गाडीचा विमा होता, पगार चालू होता. काठच्या झोपडीत शिलाई मशीन भिजलं म्हणजे रोजी बुडाली. हातगाडी वाहून गेली की नवीन घ्यायला व्याजाने पैसे. रेशनकार्ड आणि आधारचा लगदा झाला की मदतीच्या अर्जालाच कागद नाही. आणि पुढचा पूर येतो तेव्हा मागचं कर्ज अजून फिटलेलं नसतं. मला तर हीच खरी आपत्ती वाटते, आणि ती पाणी ओसरल्यावर सुरू होते.

हे बदलता येतं. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार लोक गेले. २०१३ला फायलिन आलं तेव्हा लाखोंना आधीच हलवलं होतं, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ दोन्ही वेळा भीषणच होतं.

आपल्याकडे सूचना मोबाइलवर येते. पण घर सोडलं तर सामानावर नजर कोण ठेवणार, म्हाताऱ्या सासूला उचलून कुठे न्यायचं, गुरांचं काय, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये नसतं. वॉर्डावॉर्डात ते पावसाआधी ठरायला हवं, घराघरांत जाऊन, नावानिशी.