सुप्त हिपॅटायटिस बी तपासणी

अंगात काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या रक्तात हिपॅटायटिस बी विषाणू दडून बसला आहे का, हे शोधणारी तपासणी. लोक या आजाराला 'पांढरी कावीळ' म्हणतात. बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत, पण यकृत आतून खराब होत राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे ३ कोटी लोकांना हा संसर्ग होता.

बाळंतपणात आईकडून लागण झाली, तर ९० टक्क्यांपर्यंत बाळांमध्ये विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून गर्भवतीची तपासणी सर्वांत मोलाची. बाळाला २४ तासांच्या आत लस द्यावी लागते.

नागपुरात धडधाकट माणसाची ही तपासणी सहसा होते ती रक्तदानानंतर. पिशवीसोबत घेतलेल्या छोट्या नळीतले रक्त एलायझासाठी, म्हणजे रंग बदलून विषाणूची खूण दाखवणाऱ्या चाचणीसाठी जाते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एखादा खळगा पिवळा झाला की पिशवी बाद. विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, तिथे सापडलेले असते. पूर्व विदर्भात रक्त चढवावे लागणारे सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत. नागपूरच्या 'मेडिकल' आणि 'मेयो' या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून रुग्ण येतात. ज्या लेकराला थॅलेसेमियामुळे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढते, त्याच्यासाठी एक चुकलेली पिशवीही फार झाली.

आणि चूक होऊ शकते. लागण नवी असताना काही आठवडे हे प्रथिन सापडत नाही. काहींच्या रक्तात ते कधीच दिसत नाही, तरी विषाणूचा डीएनए असतो. डॉक्टर काटेकोर अर्थाने ज्याला सुप्त संसर्ग म्हणतात, तो हाच. जुन्या लागणीची खूण असलेली प्रतिपिंडे तपासता येतात, पण आपल्याकडे ती इतक्यांच्या रक्तात असतात की त्या आधारे सगळ्यांना नाकारले तर रक्ताचा तुटवडा पडेल. थेट डीएनए शोधणारी नॅट चाचणी हा खरा उपाय. ती महाग आहे, तरी प्रत्येक रक्तपेढीत असायलाच हवी.

पिशवी बाद केली म्हणजे काम संपले असे समजणे हा दात्यावर अन्याय आहे. त्याला बोलावून, शांतपणे समजावून सांगायला हवे: ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, जेवणातून किंवा हात लावल्याने हा आजार पसरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे. दरम्यान जोडीदार, मुले, भावंडे यांची तपासणी करून, लागण नसलेल्यांना लसीचे तीन डोस द्यायचे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.