पाच अंशांच्या हवेतून आंघोळीचे पाणी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत तांब्याचे बंब अजूनही आढळतात, फक्त आता ते न्हाणीघरात नसून चिंचेने घासून लख्ख केलेल्या अवस्थेत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे असतात. मधोमध उभी नळी, तिच्यात वरून टाकायचे कोळसे, खाली जाळी आणि राखेचे तबक, नळीभोवती पाणी, अशी त्यांची साधी रचना असते. नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते, कारण गरम पाणी हलके असल्यामुळे ते वरच राहते. बंबानंतर विजेचा रॉड आला, मग गीझर आला आणि काही घरांत गॅसचा गीझरही आला. इंधन बदलत गेले, परंतु रीत तीच राहिली: काहीतरी जाळायचे किंवा तारेतून वीज सोडून ती तापवायची आणि जी उष्णता निर्माण होईल ती पाण्याला द्यायची.

हीट पंप या रीतीपासून वेगळा पडतो, कारण तो उष्णता निर्माण करण्यावर विसंबून नसतो. बाहेरच्या हवेत जी उष्णता आधीच असते ती गोळा करून तो पाण्यात आणून सोडतो. तळघरातील हौदाचे पाणी मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवताना आपण वीज पाणी तयार करण्यासाठी नव्हे, तर ते वर नेण्यासाठी खर्च करतो. हीट पंपातही विजेचे काम तेच आहे. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून अडीच ते चार युनिट उष्णता मिळणे यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा कोणताही भंग होत नाही. वरचे दीड ते तीन युनिट हवेने दिलेले असतात.

यावर स्वाभाविक शंका अशी येते की, पौषातल्या पहाटे ग्वाल्हेरचा पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना त्या हवेत उष्णता उरतेच कुठे? आपल्या अंगाला ती हवा बोचते म्हणून आपण तिला थंड म्हणतो, परंतु पदार्थातील उष्णतेच्या दृष्टीने खरे शून्य उणे २७३ अंशांवर आहे. त्या मापाने ५ अंशांची हवा २७८ अंशांवर आणि २५ अंशांची हवा २९८ अंशांवर असते. दोहोंतील फरक जेमतेम सात टक्क्यांचा आहे. अडचण उष्णतेच्या अभावाची नसून दिशेची आहे. उष्णता आपण होऊन गरमाकडून गाराकडे वाहते, आणि आपल्याला ती गार हवेतून गरम पाण्याकडे न्यायची असते.

हा उलटा प्रवास घडवण्यासाठी अतिशय कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात, त्याला शीतक म्हणतात. प्रोपेन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये जे वायू असतात त्यांपैकीच हा एक असून सामान्य दाबाखाली तो उणे ४२ अंशांना उकळतो. बाहेरच्या जाळीदार नळ्यांमध्ये त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे चौपट ठेवला, तर तो शून्याच्या थोडे खाली उकळतो. म्हणजे ५ अंशांची हवासुद्धा त्याला उकळवण्याइतकी गरम ठरते. त्याची वाफ कंप्रेसर दाबून वातावरणाच्या सुमारे वीसपट दाबाला नेतो, तेव्हा ती चांगलीच तापते आणि टाकीभोवतीच्या नळ्यांत ५५ अंशांच्या वर पुन्हा द्रवरूप होताना आपली सगळी सुप्त उष्णता पाण्याला देते. मग एका अरुंद झडपेतून जाताना दाब उतरतो, द्रव गार होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. घरातला फ्रिजदेखील हेच करतो; त्याच्या पाठीमागे हात धरला असता लागणारी ऊब ही आतल्या भाजीपाल्यातून आणि दुधातून काढलेलीच उष्णता असते, तिच्यात कंप्रेसरने खाल्लेली वीज तेवढी मिळवलेली असते.

ही कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले होते की, इंधन थेट जाळण्यापेक्षा त्याच्यावर यंत्र चालवून बाहेरची उष्णता आत आणल्यास इमारती कितीतरी कमी इंधनात उबदार ठेवता येतील. झ्युरिक शहराच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला गेला. आज नॉर्वेसारख्या कडाक्याच्या थंडीच्या देशात निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत, त्यामुळे थंडीत तो चालतच नाही हा समज तिथे केव्हाच मागे पडला आहे.

तरीही किती चढ चढवायचा यावर विजेचा खर्च ठरतो, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. हवा ५ अंशांवर असेल आणि पाणी ५५ अंशांवर न्यायचे असेल, तर उष्मागतिकीच्या नियमांनुसार एका युनिटला जास्तीत जास्त साडेसहा युनिट उष्णता मिळू शकते. प्रत्यक्षातली यंत्रे या कमाल मर्यादेच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के गाठतात, म्हणजे अडीच ते सव्वातीन युनिट देतात. हवा २५ अंशांवर असेल, तर तीच मर्यादा जवळजवळ अकरापर्यंत जाते. पाणी ५५ ऐवजी ४५ अंशांवर थांबवले, तरीही सुमारे वीस टक्के फायदा होतो. ब्रिटनमध्ये गॅसचे बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्या घरांपुढे हाच प्रश्न असतो. तिथला बॉयलर खोल्यांतील रेडिएटरांमध्ये साठ-सत्तर अंशांचे पाणी फिरवतो, तर हीट पंपाला पस्तीस ते पंचेचाळीस अंशांवर काम करणे परवडते. म्हणून तिथे रेडिएटर मोठे करावे लागतात आणि घराच्या भिंती-खिडक्यांतून होणारी उष्णतेची गळती आधी रोखावी लागते. नुसता बॉयलर काढून त्या जागी पंप ठेवला आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर बिल पाहून माणूस यंत्राला दोष देतो.

आपल्याकडे रेडिएटर नाहीत, ही आपली सोय आहे. आंघोळीला ४२ अंशांचे पाणी पुरते. आणखी एक सोय ग्वाल्हेरच्या हवेत आहे. जानेवारीत पहाटे ५ अंश असले, तरी ऊन पडलेल्या दिवशी दुपारी बहुधा वीस-बावीस अंशांपर्यंत पारा चढतो. गीझर आपण आंघोळीच्या आधी अर्धा तास लावतो. हीट पंप तसा वापरणे म्हणजे दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी त्याला कामाला जुंपणे होय. तो दुपारी दोन ते चार चालवून टाकी भरून ठेवावी. चांगल्या आवरणाच्या टाकीतले पाणी रात्रभरात थोडेच अंश उतरते, आणि गच्चीवर सौर पॅनेल असतील तर वीजही त्याच वेळी मिळते. टाकीत गार पाणी खालून शिरते आणि गरम पाणी वरून निघते, हे तत्त्व बंबातलेच आहे. म्हणून आडव्या टाकीपेक्षा उभी, उंच टाकी घेणे शहाणपणाचे ठरते.

दाट धुक्याचे दिवस मात्र या यंत्राची परीक्षा पाहतात. हवेतून उष्णता घ्यायची तर बाहेरच्या नळ्या हवेपेक्षा पाच-सात अंशांनी गार असाव्या लागतात. हवा ५ अंशांवर असेल तर नळ्यांवरचे पत्रे शून्याच्या खाली जातात आणि धुक्यातली बाष्पे त्यांच्यावर हिम होऊन चिकटतात. आधी पत्र्यांच्या कडा पांढुरक्या होतात, मग फटी बुजत जातात आणि पंख्याचा आवाज घोगरा होतो. काही वेळाने पंखा थांबतो, झडप उलटल्याचा ‘फस्स’ असा आवाज येतो आणि यंत्र काही मिनिटे टाकीतलीच थोडी उष्णता उलट नेऊन ते हिम वितळवते. त्या वेळी बाहेरच्या भागातून वाफेचा लोट उठतो आणि खाली पाण्याची धार लागते. हा बिघाड नव्हे. धूर समजून मेन स्विच बंद करू नये, एवढेच. पाण्याला वाट मात्र आधीच काढून ठेवावी, नाहीतर ते शेजाऱ्याच्या चौकात उतरते आणि वाड्यातल्या जुन्या भांडणांत एका विषयाची भर पडते. कोरड्या थंडीत हा प्रकार फार कमी होतो, आणि बडोद्यासारख्या सौम्य हिवाळ्याच्या शहरात तर क्वचितच होईल.

आता हिशेब मांडू. चार माणसांच्या कुटुंबाला आंघोळीसाठी १६० लिटर पाणी १५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायचे असेल, तर सुमारे ५ युनिट उष्णता लागते. टाकीतून होणारी गळती धरून गीझर साडेपाच युनिट वीज घेतो, तर हीट पंप हिवाळ्यात सुमारे दोन युनिट घेतो. युनिटला ७ रुपये धरले, तर दिवसाला पंचवीस रुपयांच्या आत बचत होते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ती तीन हजार रुपयांपर्यंत जाते. उन्हाळ्यात मुळी गरम पाणी नकोच असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. हीट पंप गीझरपेक्षा कितीतरी पट महाग असल्यामुळे चौकोनी कुटुंबाला केवळ पैशांच्या हिशेबाने तो लवकर फिटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एकत्र कुटुंब, वसतिगृह, मंगल कार्यालय, रुग्णालय अशा ठिकाणी, जिथे रोज हजारभर लिटर पाणी तापते, तिथे चित्र पालटते. ज्याच्या मालकीची मोकळी, उन्हाची गच्ची आहे त्याने आधी सौर वॉटर हीटरचा विचार करावा. धुक्याच्या आठवड्यात तो रुसतो, आणि मोठ्या घरात त्या दिवसांसाठी हीट पंपाची जोड उत्तम बसते.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. आपली बहुतांश वीज कोळशावर तयार होते आणि औष्णिक केंद्रात कोळशातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. त्या विजेवर गीझर चालवणे म्हणजे दोन तृतीयांश उष्णता वाऱ्यावर सोडून उरलेल्या तिसऱ्या भागाने आंघोळ करणे आहे. हीट पंप तिप्पट उष्णता देऊन तो तोटा जवळपास भरून काढतो. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वरच्या उदाहरणात गीझरमागे दिवसाला पावणेचार किलोच्या वर आणि हीट पंपामागे १.४ किलो वायू निघतो. गॅस गीझरचा आकडाही दीड किलोच्या आसपास येतो, म्हणजे आज तरी दोघांची जवळजवळ बरोबरी आहे. परंतु विजेत सूर्य आणि वारा यांचा वाटा वाढेल तसा हीट पंप आपोआप स्वच्छ होत जाईल, गॅसचे तसे नाही. शिवाय बंद न्हाणीघरात गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावतात, ही बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. या वायूला ना रंग असतो ना वास. खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपण्यातही हाच धोका आहे.

खोली उबदार करण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो की, अनेक घरांत हीट पंप आधीच भिंतीवर टांगलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. ज्या एसीच्या रिमोटवर सूर्याच्या चिन्हाचे गरम हवेचे बटण काम करते, तो एसी हिवाळ्यात उलटा चालणारा हीट पंपच होय. दोन हजार वॅटचा ब्लोअर जेवढी ऊब देतो तेवढी तो सात-आठशे वॅटमध्ये देतो. आजोबांच्या खोलीत रात्रभर ब्लोअर चालत असेल, तर पाण्यापेक्षा या जागीच मोठी बचत आहे. नवा एसी घेताना थोडे जास्त पैसे देऊन असा एसी घेणे ग्वाल्हेरसारख्या दोन्ही टोकांच्या हवेच्या शहरात मला सर्वांत किफायतशीर वाटते.

पाण्यासाठी यंत्र घ्यायचेच ठरले, तर दोन-तीन बाबी पाहाव्यात. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर नळ्यांवर क्षारांचा थर चढून कार्यक्षमता हळूहळू घटते. म्हणून टाकी उघडून साफ करण्याची सोय हवी. पाणी सतत ४५ अंशांवरच ठेवल्यास त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा ते ६० अंशांपर्यंत तापवण्याची व्यवस्था यंत्रात असावी. आणि दुकानदार सांगतो ती क्षमता किती तापमानाच्या हवेत मोजली आहे हे अवश्य विचारावे. माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुधा वीस अंशांच्या वरच्या हवेतला असतो. ग्वाल्हेरच्या गिऱ्हाइकाला ५ ते ७ अंशांवरचा आकडा हवा, आणि तो लेखी मिळत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.