सरासरी घसरली म्हणजे पॉइंट गार्ड फसला का?

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक समज घट्ट बसलाय: दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या पॉइंट गार्डची (चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या खेळाडूची) गुणांची सरासरी घसरली, की तो नव्या संघात बसला नाही. हे चूक आहे, आणि यात चांगल्या खेळाडूंवर अन्याय होतो.

ट्रिस्टन न्यूटनचंच बघा. ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाकडून 2021-22 मध्ये तो सामन्याला 17.7 गुण करायचा. यूकॉनला (कनेटिकट विद्यापीठात) आला आणि पहिल्याच हंगामात सरासरी 10 च्या आसपास आली. पण तिथे आत, बास्केटजवळ, अदामा सनोगो होता, लांबून जॉर्डन हॉकिन्स बास्केट मारत होता. चेंडू वाटला गेला की एकाचे गुण कमी होणारच. यूकॉनने 2023 चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, अंतिम सामन्यात न्यूटनचे 19 गुण आणि 10 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) होते. 2024 मध्ये पुन्हा विजेतेपद, आणि फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा) सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच.

मग बघायचं काय? पास दिल्यावर तो काय करतो ते. हात खाली सोडून उभा राहिला, तर त्याला राखणारा बचावपटू खुशाल आत सरकतो आणि सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूला, दोघं घेरतात. तोच कोपऱ्यात जाऊन, हात तयार ठेवून थांबला, तर बचावपटूला त्याला सोडता येत नाही. असिस्ट (ज्यावर सहकारी बास्केट करतो असे पास) आणि चेंडू गमावणं यांचं प्रमाणही तपासावं, पण जुना संघ कोणत्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेज संघांच्या गटात), कोणाविरुद्ध खेळत होता हे ध्यानात ठेवूनच.