ताण बसला म्हणजे नेमकं काय झालं?

ऑगस्टात पावसानं दडी मारली की आमच्या जालन्याकडं माणसं भर दुपारी सोयाबीनच्या बांधावर जाऊन उभी राहतात. पानं उलटलेली, फिकट पाठ वर आलेली. ‘ताण बसला,’ एवढंच म्हणून परत फिरतात. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण त्या घडीला पानातल्या एकेका पेशीत हिशेब सुरू झालेला असतो.

मातीत ओल घटली की झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. हे नाव १९६० च्या दशकात पानगळीवरून, म्हणजे इंग्रजीतल्या ‘ॲबसिशन’वरून पडलं. पानगळीशी त्याचा संबंध पुढं तितका थेट निघाला नाही, पण बारशाला ठेवलेलं नाव कोण बदलतो? त्याची मोठी कामगिरी आहे पर्णरंध्रांवर. पानावरच्या या बारीक तोंडांना दोन्ही बाजूंनी एकेक रक्षक पेशी असते. पेशी पाण्यानं फुगल्या की तोंड उघडं, सैल पडल्या की बंद.

बंद करण्याची तऱ्हा मात्र उफराटी आहे. रक्षक पेशीत एक किनेज असतं, म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून त्याला कामाला लावणारं प्रथिन. एरवी एक फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून घेणारं प्रथिन, त्याला निष्क्रिय करून ठेवतं. बैल तयार आहे, पण दावं कुणीतरी घट्ट धरलंय, असं समजा. ॲबसिसिक आम्ल बैलाला हाकतच नाही. ते एका ग्राही प्रथिनात, म्हणजे त्याचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनात, जाऊन बसतं, आणि ते ग्राही दावं धरणाऱ्याचाच हात अडकवून ठेवतं. हा ग्राही कोण, हे २००९ साली कळलं. आम्ल सापडल्यावर चाळीसेक वर्षांनी! मोकळं झालेलं किनेज पेशीच्या आवरणातली दारं उघडतं. क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागं पोटॅशियम, त्यामागं पाणी. काही मिनिटांत रंध्र मिटायला लागतं.

पाणी वाचलं, पण त्याच तोंडातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. तोंड मिटलं की साखर बनणं मंदावतं, म्हणजे तहान टाळायची तर उपास आला. मग याच किनेजच्या भाऊबंदांपैकी एक, ऊर्जा घटल्याची खबर ठेवणारं, वाढीचे खर्च थांबवतं. माणसाच्या पेशीतही त्याचं सख्खं नातलग आहे, आपण उपाशी असताना तेच काम करणारं. वर ऊन तर पडतच असतं. साखरेत न मुरलेली ती ऊर्जा पेशीलाच जाळू शकते. सोयाबीन पान उलटतं ते याचसाठी: फिकट बाजूवरून ऊन परततं.

पिकाला बसणारा ताण नकोसा. मोसंबीला मात्र आमचे काका तो मुद्दाम देतात. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळायला लागतात, नवख्याला वाटावं बाग गेली. त्याच दिवसांत झाडात फुलाचा निरोप देणारा जनुक जागा होत असतो. कळ्या पाण्याची वाट बघत थांबतात. भारी काळ्या रानात ताण बसायला जास्त दिवस लागतात, मुरमाड रानात कमी, आणि अती झाला तर फांद्याच वाळतात. दिवस ठरवायला काकांकडं यंत्र नाही, पानांचा रंग आहे.

पाणी देऊन ताण तोडल्यावरही रंध्रं लगेच पूर्ण उघडत नाहीत, आम्ल ओसरायला वेळ लागतो. काका पहिलं पाणी हलकंच देतात, आंबवणीचं. दुसरं पाणी, चिंबवणी, तीन-चार दिवसांनी.