पंप दाब देत नाही: हायड्रॉलिक असिस्ट स्टिअरिंगची जोडणी

मोठे टायर घातले आणि खडकात स्टिअरिंग अडायला लागलं, की सल्ला ठरलेला: जास्त प्रेशरचा पंप बसवा. या सल्ल्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. पंप दाब तयार करत नाही, तो प्रवाह देतो. तेलाला वाट मोकळी असेल तर दाब नाममात्र राहतो. वाटेत अडथळा आला की तो चढतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (ठरावीक दाबाला उघडून जास्तीचं तेल परत सोडणारी झडप) उघडेपर्यंत चढत राहतो. रिलीफ व्हॉल्व्हची मर्यादा वाढवून जोर वाढवता येतो, हे खरं. पण तो सगळा जोर स्टिअरिंग बॉक्सची सीलं, सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येऊन चाकं वळवणारा दांडा) आणि बॉक्स धरून ठेवणारी चेसी यांच्यातून जातो, आणि चेसीला बॉक्सपाशीच तडे जातात. बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, या पास्कलच्या नियमात दुसरा मार्ग आहे: दाब तोच ठेवायचा, तो ज्यावर काम करतो ते क्षेत्रफळ वाढवायचं.

अमेरिकेत खडकांवर गाड्या चढवणारे हेच करतात. टोयोटाचा १९७९ ते १९८५ मधला फोर बाय फोर पिकअप, म्हणजे जगभर हायलक्स म्हणून ओळखली जाणारी गाडी, त्यांच्या विशेष आवडीची. तिला पुढे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग आसाला जोडलेली. १९८६ पासूनच्या मॉडेलचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स तिला बसवतात, बॉक्सला दोन भोकं पाडतात आणि तिथून दोन होज एका हायड्रॉलिक सिलिंडरकडे नेतात. त्याला रॅम म्हणतात. रॅमचं एक टोक ॲक्सलवर, दुसरं टायरॉडवर, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर.

खरी गंमत बॉक्सच्या आत आहे. स्टिअरिंगचा दांडा जिथे आत शिरतो तिथे एक बारीक टॉर्शन बार असतो. चाक अडलं की तो काही अंशांनी पिळला जातो. त्या पिळाने रोटरी व्हॉल्व्ह उघडतो, तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं आणि दुसऱ्या बाजूचं टाकीत परततं. पिस्टन सरकतो, त्याचे दाते सेक्टर शाफ्ट फिरवतात, शाफ्टवरचा पिटमन आर्म नावाचा हात ड्रॅगलिंक, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, ओढतो आणि चाक वळतं. पिस्टन पुरेसा सरकला की बारचा पीळ उलगडतो आणि व्हॉल्व्ह पुन्हा मधोमध येतो.

रॅमला जोडलेली दोन भोकं याच पिस्टनच्या दोन बाजूंच्या कप्प्यांत उघडतात. रॅमला स्वतःचा व्हॉल्व्ह नाही, सेन्सर नाही. तरी तो भरकटत नाही. तो चाकं पुढे ढकलायला लागला, तर चाकं ड्रॅगलिंक आणि पिटमन आर्ममधून बॉक्सच्या पिस्टनलाच सरकवतात, पीळ सुटतो आणि तेल थांबतं. हात थांबला की रॅम थांबतो. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही तुकडा न वापरता साधलेलं हे फीडबॅक नियंत्रण आहे. इंजिन बंद पडलं तरी चाकांशी असलेलं यांत्रिक नातं तुटत नाही, स्टिअरिंग फक्त खूप जड होतं.

आता आकडे. ४४ मिमी बोअर (आतला व्यास), १९ मिमी रॉड आणि २०० मिमी स्ट्रोकचा (सरकण्याच्या अंतराचा) रॅम घ्या. १०० बारला ढकलताना जोर सुमारे १५५० किलो. ओढताना रॉडने अडवलेलं क्षेत्रफळ वजा होतं, म्हणून १२६० किलो. म्हणजे एका बाजूला वळताना जोर कमी आणि तेलही कमी लागतं. रॅम पूर्ण बाहेर यायला सुमारे ३०० मिली तेल हवं. आयडलला पंप मिनिटाला ६ लिटर देत असेल, तर एकट्या रॅमलाच ३ सेकंद लागतात आणि बॉक्सचं तेल वेगळं. त्याहून वेगाने हात फिरवला की स्टिअरिंग भिंतीला टेकल्यासारखं घट्ट होतं. लोक याला कमी प्रेशर समजतात, पण कमी असतो तो प्रवाह. उपाय म्हणजे पंपाची छोटी पुली, जास्त प्रवाहाचा पंप किंवा लहान बोअरचा रॅम. मोठा रॅम नेहमी चांगला, हा प्रचार ऐकू नका.

बॉक्स पूर्ण खोलल्याशिवाय भोक पाडू नये. पाव इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाच्या निमुळत्या पाइप आट्यांसाठी ११ मिमीचं ड्रिल लागतं. भोक अशा जागी हवं की पिस्टनची रिंग त्यावरून कधीच जाणार नाही, नाहीतर कडेने ती कापली जाते. धातूचा बुरा एक कणही राहिला तर रोटरी व्हॉल्व्ह ओरखडतो. निमुळत्या आट्यांना लिक्विड सीलंट लावा. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. ३७ अंशांच्या एएन फिटिंगला (होज जोडायच्या शंकूच्या तोंडाच्या जोडणीला) काहीच लावायचं नसतं, तिथे शंकूला शंकू बसूनच गळती थांबते. एएन मापाचे ६ नंबरचे होज पुरतात. वर स्टीलची चकचकीत जाळी आहे म्हणून होज हाय प्रेशरचा ठरत नाही. पेट्रोलसाठीचे होजही तसेच दिसतात. त्यावर छापलेला दाब वाचा.

दीड टनाचा जोर मूळ टायरॉडला वाकवतो. ३२ मिमी बाहेरचा व्यास आणि ६ मिमी जाडीची सीमलेस नळी लागते. रॅम टायरॉडला शक्य तितका समांतर ठेवा. १५ अंशांच्या कोनात उपयोगी जोर फक्त ३ टक्के घटतो, पण २६ टक्के जोर टायरॉडला आडवा वाकवायला लागतो. नकलवरचे (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यावरचे) स्टॉप बोल्ट असे लावा की रॅम आणि बॉक्स टोकाला पोचण्याआधी चाक थांबेल.

पूर्ण लॉकवर, म्हणजे चाकं टोकापर्यंत वळलेली असताना, स्टिअरिंग दाबून धरू नका. १०० बार आणि मिनिटाला १० लिटर म्हणजे सुमारे १.७ किलोवॅट. काहीच हलत नसल्याने ते सगळं उष्णतेत जातं. यंत्रणेत २ लिटर तेल असेल तर ३० सेकंदांत ते १५ अंशांनी तापतं. कूलर रिटर्न लाइनवर लावा.

आपल्याकडच्या अखंड ॲक्सलच्या जुन्या जीपला हे करायचं तर आधी पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स आणि पंप हवा. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा.

हवा काढताना पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत टाकी भरत राहा. १०० बारला तेल एक टक्काही दबत नाही, हवा शंभरावा भाग होते, म्हणून थोडी हवाही स्टिअरिंगला स्पंजासारखं करते. फेस दिसला तर तो बसेपर्यंत थांबा. मग काही सेकंदच इंजिन चालवा. रॅम आणि बॉक्स एकमेकांविरुद्ध ढकलत असतील तर दोन होजची अदलाबदल झाली आहे. तेलाची पातळी चाकं सरळ ठेवूनच बघा, कारण रॅम पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर यांत रॉडच्या आकारमानाएवढा, सुमारे ५७ मिलीचा फरक पडतो.