ओझं पाट्याचं, नाव शॉकअपचं

कणकवलीजवळच्या एका गॅरेजात मी स्कूटरच्या पंक्चरसाठी थांबलो होतो. शेजारी 15-16 वर्षांची जुनी पिकअप उभी होती, मागून इतकी बसलेली की चाकावर जेमतेम चार बोटं जागा. मालक मिस्त्रीला सांगत होता, "शॉकअप गेले हत, म्हणान गाडी मागसून बसता. जाड शॉकअप घाल, आंब्याचो सीझन काढूचो हा." मिस्त्री मान डोलावत होता. मला राहवेना.

शॉकअप म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, तेल भरलेली दांड्याची नळी. ते गाडीला उचलून धरत नाहीत. ओझं पेलतात ते पाटे, म्हणजे गाडीखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. खात्री करायची तर कोपऱ्यात पडलेला एखादा चालू शॉकअप उभा धरून हळूहळू दाबा. हाताच्या जोरावर तो आत जातो. हाताने दबणारी वस्तू टनभर चिरे काय पेलणार? आता तोच झटक्यात दाबून बघा, हाताला जोरात अडवेल. आतल्या तेलाला बारीक भोकांतून पलीकडे जायला वेळ लागतो. म्हणजे शॉकअपचं भांडण वेगाशी आहे, वजनाशी नाही. 'गॅसवाला घ्या, गाडी उचलते' हे दुकानात हमखास ऐकू येतं. त्यातला नायट्रोजन मुख्यतः तेलाला फेस येऊ नये म्हणून भरलेला असतो. तो थोडाफार रेटा देतो, पण पेट्यांच्या थप्पीपुढे तो किस झाडकी पत्ती.

खरी गंमत पाट्यांत आहे. शाळेत बाकाच्या कडेला पट्टी दाबून ट्रर्र वाजवली असेल. ती बाकाच्या कडेशी जास्त वाकते, मोकळ्या टोकाला जवळजवळ वाकतच नाही. तुटली तर कडेशीच तुटते, टोकाकडचा माल नुसताच बसून खातो. मग पट्टी कडेशी रुंद आणि टोकाला निमुळती कापली तर? जिथे वाकवणारा जोर जास्त, तिथे माल जास्त, म्हणजे ताण सगळीकडे सारखा. मधोमध एक्सल, म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा दांडा, ठेवून दोन्ही बाजूंना असे त्रिकोण जोडले की तयार होते पोलादाची एक भलीमोठी शंकरपाळी. एवढा रुंद पत्रा गाडीखाली मावणार नाही. म्हणून तो लांबीच्या दिशेने पट्ट्यांत कापा, डावी-उजवी जोडी जुळवा आणि एकावर एक रचा. सर्वांत लांब वर, सर्वांत आखूड खाली. हाच आपला पाट्यांचा जुडगा!

आता जाडी. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 8 चा घन 512 आणि 10 चा 1000, म्हणजे 10 मिमीचा एक पाटा 8 मिमीच्या जवळपास दोन पाट्यांइतका ताठ. 16 मिमीचा तर एकटाच आठांची बरोबरी करतो. मग आठ कशाला घालायचे? कारण सारखंच वाकवलं तर पृष्ठभागावरचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. जाड पाट्याच्या कातडीवर दुप्पट ताण येतो आणि तो लवकर थकतो. बारीक पाट्यांच्या जुडग्यात 'मजबुतीसाठी' एखादा जाड पाटा घुसवला, तर तो ओझ्याचा मोठा वाटा स्वतःकडे ओढतो आणि पहिला तुटतो.

पाटे किती ताठ हवेत, हे ठरवायला एक सोपा हिशोब आहे. वजनाने पाटे किती सेंटिमीटर दबले ते बघा आणि त्या आकड्याच्या वर्गमुळाने 5 ला भागा. गाडी सेकंदाला साधारण तितक्या वेळा वरखाली होते. 9 सेंमी दबली तर 1.7 वेळा, 4 सेंमी तर 2.5, आणि जेमतेम 1 सेंमी दबली तर 5. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला 4 ते 8 हेलकावे सर्वांत जास्त जाचतात. भरमसाट पाटे घातलेली रिकामी पिकअप वाशीहून परतताना ड्रायव्हरचं कंबरडं मोडते ते यामुळे. म्हणून जुडगा मूळ जाडीचा आणि मूळ संख्येचाच ठेवावा आणि जादा मालासाठी वर हेल्पर पाटा घ्यावा. तो गाडी भरल्यावरच टेकतो, एरवी मध्ये येत नाही.

शॉकअपची पाळी यानंतर. पाट्यांचा ताठपणा दुप्पट केला, तर हेलकावा तसाच जिरवायला शॉकअपचा विरोध 1.4 पट लागतो, कारण इथे पुन्हा वर्गमूळ येतं. लांबीही बघावी लागते. मागची बाजू उंच झाली की जुना शॉकअप खड्ड्यात पूर्ण ताणून आपटतो. शिवाय काही पिकअपना मागच्या ब्रेकचा जोर गाडी किती बसली यावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाटे वाढवून गाडी उचललीत की त्याला ती रिकामी वाटते आणि कशेडीच्या उतारावर भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी पडतात. व्हॉल्व्ह पुन्हा लावून घ्यायला विसरू नका.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक दुखणं. मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं खारट पाणी थेट पाट्यांवर ठिबकतं. गंजाच्या प्रत्येक खड्ड्यापाशी ताण गोळा होतो आणि चीर तिथून सुरू होते. पावसाळ्यापूर्वी जळकं ऑइल मारतात ते ठीक, फक्त पाट्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांवर उडवू नका, रबर फुगतं. सपाट झालेला पाटा गॅसकटरने तापवून पुन्हा वाकवणं, म्हणजे कमान भरणंही नको, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो.

त्या पिकअपच्या बंपरला नजर लागू नये म्हणून जुनी चप्पल टांगलेली होती. मी मिस्त्रीला पाटे उतरवायला सांगितलं. त्याने जुडगा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट सोडले, जुडगा फरशीवर मोकळा केला आणि जाडी मोजायला कॅलिपर लावला. सगळे पाटे 8 मिमीचे, तिसरा 10 चा. पूर्वी कुणीतरी घातलेला. पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तो आरपार तुटला होता आणि चिरेत जुना, काळपट गंज भरला होता.

मालक बराच वेळ तुकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मगे शॉकअप?"

"डावो गळता," मिस्त्री म्हणाला. "तो बदलूचोच लागतलो. पण आधी पाटो."